बेळगाव कसं आहे? अनगोळच्या एका पॅटर्नमेकरचा अभिप्राय

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. जन्म अनगोळचा, डिप्लोमापर्यंत इथेच शिकला, पुण्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली. परवा रात्री त्याचा फोन आला. "मामा, बेळगावात नोकरी मिळायल्या. पगार जरा कमी हाय. ही म्हणते, तिकडं काय ठेवलंय? मोबाईलवर बघितलं तर निम्मी माणसं म्हणतात पेन्शनरांचं गाव, निम्मी म्हणतात नुसती भांडणं. तू खरं काय ते सांग की."

फोनवर अर्धा तास बोललो, तरी मन भरलं नाही. असाच विचार करणारी आणखी पोरं असतील, म्हणून लिहून काढतोय. मी 1983 साली, सतराव्या वर्षी, उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्नच्या (ओतकामाला लागणाऱ्या नमुन्यांच्या) कामाला लागलो. घर अनगोळला, काम उद्यमबागेत, सायकलवर दहा मिनिटं. या गावाबाहेर सलग पंधरा दिवस मी कधी राहिलो नाही. त्यामुळे दुसऱ्या गावांशी तुलना करायचा अधिकार मला नाही. पण हे गाव मला आतून माहीत आहे.

आधी राहण्याबद्दल, कारण तिथेच हे गाव सगळ्यात चांगलं आहे. पाचपैकी साडेचार तारे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे आणि सह्याद्री इथून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यातसुद्धा दुपारी तापलं तरी संध्याकाळी वारं सुटतं आणि वळवाची एक सर येऊन जाते. माझ्या घरी आजही एसी नाही, गल्लीतल्या बऱ्याच घरांत नाही. जून लागला की मात्र तयारी हवी. पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, सागवानी लाकूडसुद्धा फुगतं आणि मला पॅटर्नची मापं दोनदा तपासावी लागतात. भाच्याची बायको सोलापूरकडची आहे. तिला मी हे आत्ताच सांगून ठेवतोय, कारण पहिल्या जुलैत माणूस इथे कंटाळतो आणि दुसऱ्या जुलैत त्याला त्याची सवय होते.

खरी श्रीमंती सकाळच्या बाजारात आहे. पहाटे आजूबाजूच्या खेड्यांतून भाजी शहरात उतरते. त्यातली निम्मी घाट उतरून गोव्याला जाते, दूधही जातं. उरतं ते आमच्या ताटात, आणि ते काल तोडलेलं नसतं, आज तोडलेलं असतं. गणपत गल्लीच्या कोपऱ्यावर पाटी घेऊन बसलेली कडोलीकडची मावशी मराठीत भाव सांगते, तिच्या शेजारची बाई कन्नडमध्ये "हत्तु रुपाय" (दहा रुपये) म्हणते आणि दोघींचं सुट्टं एकाच पिशवीत असतं. इथे कुठलीही चांगली भाजी 'जवारी' असते. जवारी काकडी, जवारी टोमॅटो, जवारी कोंबडी. म्हणजे गावठी, इथल्या मातीतली, संकरित नव्हे. हा शब्द पुण्यात गेल्यावर कुणाला कळत नाही असं भाचा सांगायचा, तेव्हा त्याच्या आवाजात मला गावची आठवण ऐकू यायची. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या रानातून अळंबी येतात, उन्हाळ्यात करवंदं, जांभळं. पश्चिम भागातली रताळी तर ट्रकांनी बाहेर जातात.

आणि तांदूळ. शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर या पट्ट्यातल्या काळ्या शिवारात पिकतो तो आमचा बासमती. लांब दाण्याचा जो बासमती दुकानात मिळतो त्याच्याशी याची गल्लत करू नका. याचा दाणा आखूड, पण भात शिजायला लागला की वास शेजाऱ्याच्या घरात पोचतो. भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर पेरतात. बेळगावी मसुराची आमटी आणि नवा बासमती, एवढ्यावर माझ्या आईने आम्हा पाच भावंडांना वाढवलं. माझ्या मते हे गाव राहायला चांगलं का, याचं निम्मं उत्तर या शिवारात आहे. त्याबद्दल पुढे बोलतोच, कारण काळजी करण्यासारखी गोष्टही तिथलीच आहे.

अंतरं छोटी आहेत. टिळकवाडीत पत्ता सांगताना माणसं अजून 'पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट' म्हणतात, म्हणजे रेल्वेचं फाटक. कॅम्पातून वडगावला जायचं तरी वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. संध्याकाळी आरपीडी कॉर्नरला आणि गोवावेशीत आता गर्दी होते, गणपतीच्या दिवसांत बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. तरीही सहाला सुटलेला माणूस साडेसहाला घरी चहा पितो. भाचा चाकणहून घरी पोचायला दीड तास घेतो. तो दीड तास पगाराच्या कागदावर दिसत नाही, म्हणून तो मी त्याला मोजायला सांगितला.

औषधपाण्याची सोय मोठी आहे. 1963 पासून इथे मेडिकल कॉलेज आहे, मोठी इस्पितळं आहेत, चंदगड, सिंधुदुर्ग, गोव्याकडची माणसं उपचाराला इथे येतात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात आम्हाला गावाबाहेर जावं लागलं नाही, हे मी विसरणार नाही. शिक्षणाचीही तीच गोष्ट. तांत्रिक विद्यापीठ 1998 पासून इथलंच, डिप्लोमा, इंजिनिअरिंग, मेडिकल, सगळं गावात. पोरं शिकायला बाहेर जात नाहीत, शिकून झाल्यावर जातात.

पाण्याचं नीट विचारून घर घ्या. राकसकोप आणि हिडकल, दोन धरणांतून शहराला पाणी येतं. 2008 च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना झाली आणि तिथे खरोखर नळ कधीही सोडा, पाणी असतं. बाकी भागांत दिवस ठरलेले असतात. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पहाटे येतं, आणि बायको गेली तीस वर्षं त्या आवाजाने उठते. अर्धा तारा मी तिच्यासाठी कापला आहे.

आता भाषेचं. बाहेरचा माणूस बेळगाव म्हटल्यावर पहिल्यांदा हेच विचारतो, आणि हे टाळून लिहिलेला कुठलाही अभिप्राय खोटा ठरेल.

सरकारी पाटीवर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे, आमच्या तोंडात बेळगाव आहे. 1956 साली राज्यांची रचना झाली आणि मराठी भाषिकांचा हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. माझे वडील त्या वेळी शाळेत होते. या सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा 2004 चा. दरवर्षी 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन असतं, 1 जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर माणसं जमतात. 1986 चा तो जून मला आठवतो, मी वीस वर्षांचा होतो. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गेलेली माणसं माझ्याच वयाची होती. त्यामुळे हे माझ्यासाठी पेपरातलं प्रकरण नाही आणि ते विसरून जा असा सल्ला मी कुणाला देणार नाही.

पण रोजचं जगणं कसं आहे तेही सांगतो. माझ्या कारखान्यात आम्ही सहा माणसं. दोघे मराठी, दोघे कन्नड, एक उर्दू बोलणारा, एक ओडिशाचा. काम करताना एका वाक्यात तीन भाषा येतात आणि चूक होत नाही. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात बहुतेक माणसांना दोन्ही भाषा कळतात. त्रास कुठे होतो तर कागदावर. दोन वर्षांपूर्वी घराच्या उताऱ्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. अर्ज फक्त कन्नडमध्ये. मी कन्नड बोलतो, पण वाचायला अडखळतो. खिडकीतल्या माणसाने मराठीत एक शब्द बोलायचं नाकारलं. मी साठीला आलेला माणूस, कागद हातात धरून उभा होतो. रांगेत मागे गोकाककडचे एक गृहस्थ होते, धोतर-टोपी, पूर्ण कन्नड. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, एकेक ओळ वाचून विचारली, स्वतःच्या पेनाने भरून दिला आणि "ऊटा आयतु?" म्हणून जेवलो का तेही विचारलं. खिडकीतला माणूसही बेळगावचा आणि ते गृहस्थही आमच्याच जिल्ह्याचे. बाहेरून येणाऱ्याला मला ही दोन्ही माणसं दाखवायची आहेत.

म्हणून भाच्याला सांगितलं, पोरांना मराठी शाळेत घाल, कन्नडही पहिल्या दिवसापासून मनापासून शिकव. कन्नड ही गोड भाषा आहे, आणि ती आली की इथला अर्धा भाग तुझ्यासाठी उघडतो. पण आपल्या भाषेत कागद मागायचा आपला हक्क आहे, तो मागताना मान खाली घालू नको. फेब्रुवारी 2025 मध्ये बसमधल्या भाषेच्या वादातून दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस थांबल्या होत्या. असे दिवस वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतात. त्या दिवशी कोल्हापूरला जाणारा माणूस अडकतो, टीव्हीवर आमचं गाव पेटल्यासारखं दिसतं, आणि इथे गल्लीत माणसं दळण आणत असतात.

कामाबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त आवडेल, कारण गावाचं हे अंग बाहेर कुणाला माहीत नाही. पेन्शनरांचं गाव म्हणणाऱ्याने सकाळी आठला उद्यमबागेत येऊन उभं राहावं.

इथे ओतकाम चालतं. फाउंड्री म्हणजे ओतशाळा, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सची घरं, गाड्यांचे भाग. ओतीव वस्तू बनण्याआधी तिचा लाकडी किंवा धातूचा नमुना लागतो, तो पॅटर्न. वाळूत पॅटर्न दाबून पोकळी करायची आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढ्या हिशेबाने मोठा करायचा. वाळूतून अलगद सुटावा म्हणून कडांना उतार द्यायचा. मशीनवर जिथे छिलायचं असतं तिथे माल जास्त ठेवायचा. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या आत तेलाच्या वाटा असतात, त्यांच्यासाठी वाळूचे कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारे ठोकळे, वेगळे आणि ते पाडायचे साचे, कोअर बॉक्स, वेगळे. अर्ध्या मिलिमीटरने कोअर सरकला तर शंभर नग भट्टीतून थेट भंगारात. हे मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून शिकलो. त्यांनी मला पहिलं वर्षभर फक्त रंधा मारायला लावला आणि चौथ्या वर्षी पहिला ड्रॉइंग हातात दिला. आता माझ्याकडे सागवान कमी, रेझिनचे ठोकळे आणि सीएनसीवर कापलेलं ॲल्युमिनियम जास्त. पण शेवटचा हात अजून कानशीचाच असतो.

या गावाची ताकद अशी आहे की चार-पाच किलोमीटरच्या आत सगळं आहे. पॅटर्नवाला, ओतणारा, मशीनिंग करणारा, हार्डनिंग करणारा, प्लेटिंग करणारा, गेज तपासणारा. सोमवारी कागदावर असलेली वस्तू पुढच्या सोमवारी हातात घेता येते. कोणी अडला तर शेजारच्या शेडमधून टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, आणतो, चिठ्ठी लिहावी लागत नाही. यमनापूरला ॲल्युमिनियमचा जुना कारखाना आहे. कोल्हापूरच्या वाटेवर हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. उद्यमबागेत व्हाइसवर हात बसलेली पोरं तिथे जाऊन विमानाच्या मापांत काम करतात, हे बघून मला फार बरं वाटतं. भाच्याची नोकरी याच धंद्यातली आहे. म्हणून त्याला कामासाठी मी चार तारे सांगितले.

पण त्याच्या बायकोला अडीच. ती संगणकावर काम करते, आणि तिच्या कामाच्या कंपन्या इथे मोजक्या. माझी मुलगी बेंगळुरूत आहे ती याच कारणासाठी. इथे पगार कमी आहेत हेही खरं, आणि एक नोकरी सुटली तर त्याच तोडीची दुसरी त्याच गावात लगेच मिळेल असं नाही. फाउंड्रीत मंदी येते तेव्हा एका वेळी सगळ्या शेडमध्ये येते, आठवड्यातून तीन दिवस भट्टी लागते आणि रोजंदारीवरची माणसं घरी बसतात. हातात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवल्याशिवाय इथे येऊ नये. तिची कंपनी घरून काम करू देत असेल तरच दोघांनी निर्णय घ्यावा असं मी स्पष्ट सांगितलं, आणि तिच्याशी वेगळं बोललो. बाईमाणसाची नोकरी सुटली तर ती परत लागायला किती वर्षं जातात, ते मी घरात बघितलं आहे.

बघायला येणाऱ्यांसाठी थोडक्यात. तीन दिवस पुरतात. किल्ल्यात कमल बसदी हे जैन मंदिर बघा, 1204 च्या सुमाराचं, छतावर दगडात कोरलेलं कमळ आहे. किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमात जा, विवेकानंद 1892 साली बेळगावात राहून गेले. टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध हे स्मारक. डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन इथे झालं, गांधीजी आयुष्यात ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हे, आणि विहीर त्याच वेळी पाण्यासाठी खोदलेली. मी काँग्रेस रोडवरून रोज जातो. तिकडे बघितलं की वाटतं, एवढी माणसं या गावात मावली होती. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र 1922 पासून आहे. पहाटे तिकडे फिरायला गेलात तर जवान धावताना दिसतील. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा, जांबोटी-चोर्लाचा रस्ता, राजहंसगडावरून येळ्ळूरचं हिरवंगार शिवार. जमलं तर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला या. आमच्याकडे शिवजयंती वैशाखात साजरी होते आणि मिरवणूक रात्रभर चालते. गल्लीगल्लीतली पोरं महिनाभर खपून देखावा उभा करतात, लहान मुलं मावळ्यांच्या वेशात पहाटेपर्यंत जागी असतात. मी मंडळासाठी लाकडी तोफा बनवून दिल्या आहेत. पुण्याहून यायला आता सोपं झालंय, सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावला थांबते.

जाताना कुंदा न्याल हे ठाऊक आहे. दूध आटवून आटवून तपकिरी रंगावर येतो तोच घ्या, आणि कढईतून निघालेल्या दिवशीचा मिळाला तर दुकानाबाहेर उभं राहून तिथेच चमचाभर खा. मांडे मात्र पार्सल नेऊ नका, चुरा होतो. उलट्या खापरावर भाजलेला, घडी घातलेला मांडा समोर बसून दुधातुपात बुडवून खायची गोष्ट आहे.

आता त्या काळजीबद्दल. ज्या शिवाराचं मी वर कौतुक केलं ते दरवर्षी कमी होतंय. बळ्ळारी नाला त्या शिवारातून वाहतो. शहराचं सांडपाणी त्यात येतं, गाळ साचतो, आणि जुलैत नाल्याचं पाणी उभ्या भातात शिरतं. लावणी करायची, ती कुजायची, पुन्हा रोपं शोधायची. हलगा-मच्छे बायपाससाठी याच पट्ट्यातली पिकाऊ जमीन घेतली, शेतकरी कोर्टात गेले, बायाबापड्या बांधावर बसल्या. माझ्या मामांची दोन एकर तिथे होती. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचं नाव आलं तेव्हा मी खूश झालो होतो, रस्ते रुंद झाले त्याचाही आनंद आहे. पण वडगावच्या बाहेर संध्याकाळी फिरायला गेलं की पूर्वी ऑक्टोबरात फुललेल्या भाताचा वास यायचा, आता तो येण्यासाठी आणखी पुढे चालावं लागतं. इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, त्या शिवारात पाडलेला प्लॉट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जुन्या गल्लीत, जुन्या घरात राहा, वरचा मजला बांधा. तुम्ही ज्या भाजीसाठी, ज्या तांदळासाठी इथे याल, ती त्याच मातीतून येते.

भाचा म्हणाला, डिसेंबरात सुट्टी आहे, चार दिवस येऊन बघतो. मी नको म्हटलं. डिसेंबरात बेळगाव सगळ्यांनाच आवडतं. जुलैत ये, महिनाभर राहा, ओले कपडे वाळव, ठरल्या दिवशी पहाटे येणारं पाणी भर, कामाच्या ठिकाणी हत्तरगीला जाऊन-येऊन बघ, बायकोला तिचं काम इथून करून बघू दे. मग सही कर. आमची वरची खोली रिकामीच आहे. कौलं फिरवून घेतली आहेत. मोरीचा नळ तेवढा गळतोय, तो रविवारी बदलतो.